खिडकी बुजवू नका, शेगडी हलवा

प्रश्न : आमचे घर नागपुरात त्रिमूर्तीनगर भागात आहे. सासऱ्यांनी ते १९९८ साली बांधले. घर एकमजली आहे. स्वयंपाकघर पूर्व-पश्चिम १० फूट आणि दक्षिणोत्तर ८ फूट आहे. पूर्वेच्या भिंतीच्या मध्याशी बैठकीतून येणारे दार आणि त्याच्या जवळजवळ समोर, पश्चिमेच्या भिंतीत, मोठी खिडकी आहे. खिडकीखालीच ३० इंच उंचीचा कडप्प्याचा ओटा असून त्यावर शेगडी आहे. दक्षिणेची भिंत बाहेरची आहे. बैठकीत कूलर सुरू असला की शेगडीची ज्योत फडफडते, म्हणून आम्ही दार लोटून घेतो आणि मग आत उभे राहवत नाही. इंटिरिअर डिझायनरने खिडकी बुजवून तेथे चिमणी व छतापर्यंत कपाटे, पांढरी चकचकीत शटर आणि पांढऱ्या क्वार्ट्झचा ओटा असे चित्र दाखवले आहे. शेगडी, सिंक आणि फ्रिज यांचा त्रिकोण त्यात नेमका साधला आहे, असे ते सांगतात. मला ते चित्र फार आवडले. सासूबाईंना मात्र खिडकी बंद करणे मान्य नाही, आणि वर्षाचे धान्य, तिखट-मसाला, वाळवणाचे डबे कुठे ठेवायचे, असे त्या विचारतात. माझी उंची ५ फूट ५ इंच, त्यांची ४ फूट ११ इंच. स्वयंपाक आम्ही दोघी मिळून करतो. खर्चाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. दिसायला सुंदर आणि वापरायला सोयीचे, असे दोन्ही साधेल का?

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

दोन्ही साधेल, परंतु त्यासाठी डिझायनरच्या आराखड्यातील खिडकी बुजवण्याची सूचना आधी रद्द करावी लागेल. या मुद्द्यावर मी पूर्णपणे तुमच्या सासूबाईंच्या बाजूने आहे. मे महिन्यात जेथे पारा ४५ अंशांच्या वर जातो, त्या शहरात स्वयंपाकघर आखताना सर्वांत आधी विचारायचा प्रश्न हा आहे की, शेगडीची उष्णता आणि वाफ खोलीबाहेर कोणत्या वाटेने जाणार. ती वाट एकदा पक्की झाली की शेगडी, सिंक आणि साठवण यांच्या जागा तिच्या अनुषंगाने आपोआप ठरत जातात. चित्र पाहून आधी जागा ठरवल्या आणि नंतर हवेचा विचार केला, तर मग चिमणी कितीही महाग घेतली तरी स्वयंपाक करणारी बाई घामाने निथळतच राहते.

तुमच्या घरात ही वाट तयार आहे, हे मला पत्र वाचताना विशेष जाणवले. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या खसाच्या ताट्यांतून ओढून घेतो, पाण्याचे बाष्प होताना ती हवा थंड होते आणि पंखा ती घरात ढकलतो. ढकललेल्या हवेला घराबाहेर पडायला पुरेशी मोठी वाट मिळाली नाही, तर ओलावा आतच साठतो, खोल्या चिकट होतात आणि कूलरमधून येणारा झोतही मंदावतो. बैठकीतून निघून स्वयंपाकघराच्या दारातून आत यायचे आणि पश्चिमेच्या खिडकीतून बाहेर पडायचे, हा या हवेचा सर्वांत सरळ मार्ग आहे. म्हणजे ती खिडकी तुमच्या संपूर्ण घराच्या गारव्याला उपयोगी पडते. तुम्ही दार लोटता तेव्हा हा प्रवाह तुटतो, आणि खिडकी बुजवली तर तो कायमचाच तुटेल. दोष खिडकीचा मुळीच नाही. शेगडी नेमकी प्रवाहाच्या तोंडाशी मांडली गेली आहे, एवढेच.

म्हणून शेगडी दक्षिणेच्या भिंतीवर न्या, दारापासून निदान चार फूट आत. तेथे हवेचा झोत तिच्या बाजूने निघून जाईल, ज्योत स्थिर राहील आणि दार उघडे ठेवता येईल. शेगडीच्या जागी, खिडकीखाली, सिंक येऊ द्या. दक्षिणेची भिंत बाहेरची असल्यामुळे चिमणीचा पाइप थेट भिंतीतून बाहेर काढता येईल, ही फार मोठी सोय आहे; पाइप जितका आखूड आणि त्याला वळणे जितकी कमी, तितकी चिमणी प्रत्यक्षात अधिक हवा ओढते. दुकानातील फलकावर लिहिलेला ओढण्याच्या क्षमतेचा आकडा लांब, वळणावळणाच्या पाइपात आणि तेलाने माखलेल्या जाळीत टिकत नाही. चिमणी शेगडीपासून साधारण २६ ते ३० इंचांवर असावी. कंपनीने वेगळे अंतर सांगितले असेल तर तेच पाळावे. पाइप नसलेली, कोळशाच्या फिल्टरमधून हवा पुन्हा खोलीतच सोडणारी चिमणी मात्र घेऊ नका. ती वास आणि तेलकटपणा थोडा कमी करते, पण उष्णता आणि वाफ जिथल्या तिथेच राहते. सावजी पद्धतीचा रस्सा ज्या घरात होतो, सुके खोबरे आणि खसखस भाजली जाते, तिखटाची फोडणी पडते, तेथे चिमणीसोबत एक एक्झॉस्ट पंखाही हवा. तो खिडकीच्या वरच्या तावदानाच्या जागी बसवा, कारण गरम हवा छताशी साठते.

खिडकी उघडी ठेवली तर पश्चिमेच्या उन्हाचे काय, ही काळजी मात्र रास्त आहे. दुपारनंतर सूर्य खाली उतरत असल्याने वरचा आडवा छज्जा ते ऊन अडवू शकत नाही. त्यासाठी खिडकीच्या बाहेरच्या बाजूने बांबूची चिक किंवा उभ्या पट्ट्यांची जाळी लावा. आतून पडदा लावण्यापेक्षा हे कितीतरी परिणामकारक असते, कारण ऊन एकदा काचेतून आत आले की त्याची उष्णता घरातच अडकते. तसेच घर एकमजली असल्यामुळे तुमच्या डोक्यावरचा स्लॅबच दिवसभर तापतो. छताला पीओपी करण्यावर पैसे घालण्याऐवजी दर उन्हाळ्यापूर्वी गच्चीवर चुन्याचा किंवा उष्णता परावर्तित करणारा पांढरा रंग द्यावा, असा माझा आग्रह आहे.

आता त्रिकोणाविषयी. काम करणाऱ्याची पावले मोजून स्वयंपाकघर आखण्याची कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभी पुढे आली, आणि १९२६ साली वास्तुविशारद मार्गारेटे श्यूटे-लिहोत्स्की यांनी जर्मनीतील फ्रँकफर्टच्या वसाहतींसाठी सुमारे १.९ मीटर रुंद व ३.४ मीटर लांब असे आटोपशीर स्वयंपाकघर तयार केले. त्या अभ्यासाचे मोल मोठे आहे, परंतु ते स्वयंपाकघर एका वेळी एकाच स्त्रीने काम करण्यासाठी होते. तुमची खोली त्याहून किंचितच मोठी आहे आणि तीत दोघी एकाच वेळी उभ्या असता. एवढ्या खोलीत कोणतीही वस्तू दुसऱ्या वस्तूपासून चार पावलांहून दूर जाऊच शकत नाही, त्यामुळे त्रिकोण कोणीही साधून देईल. साधायचे आहे ते असे की, एक जण पोळ्या करीत असताना दुसरीला भाजी धुता-चिरता यावी आणि कोणीही कोणाच्या पाठीमागून तापलेला गंज (पातेले) घेऊन जाऊ नये. दक्षिणेला शेगडीचा ओटा आणि पश्चिमेला सिंकचा ओटा, असा काटकोनी ओटा केल्यास दोघींच्या जागा निरनिराळ्या होतात. उत्तरेच्या भिंतीला साठवणीची कपाटे आणि दाराकडच्या टोकाला फ्रिज ठेवा. ओटा २४ इंच आणि कपाटे १५ इंच खोल धरली, तरी मध्ये पावणेपाच फुटांची मोकळी जागा उरते. फ्रिजसमोर ती थोडी कमी होईल, पण अडचण होणार नाही.

ओट्याच्या उंचीकडे तुमच्या डिझायनरनी लक्ष दिलेले दिसत नाही, आणि माझ्या मते स्वयंपाकघरातल्या पाठदुखीचे मूळ बहुधा तेथेच असते. सरळ उभे राहून कोपर दुमडले असता ते जमिनीपासून जितके उंच येईल, त्याहून चार ते सहा इंच खाली चिरण्याचा पृष्ठभाग असावा, हा साधा नियम आहे. त्यानुसार तुम्हाला सुमारे ३५ इंच आणि सासूबाईंना सुमारे ३२ इंच उंची सोयीची पडेल. दोघींच्या मधली उंची काढून सगळा ओटा साडेतेहतीस इंच करू नका. त्यात दोघींचीही गैरसोय होते. दक्षिणेचा, शेगडीचा ओटा ३२ इंचांचा करा आणि पश्चिमेचा, सिंकचा ओटा ३५ इंचांचा. शेगडीची स्वतःची उंची आणि वर ठेवलेल्या गंजाची उंची मिळवली म्हणजे तुम्हालाही शेगडीपाशी ३२ इंच कमी वाटणार नाहीत. आत सराटा (उलथणे) फिरवताना खांदे वर उचलावे लागणार नाहीत. पोळपाटाचीही उंची वर मिळते. ज्वारीची भाकर थापताना तर वरून जोर लागतो, त्यासाठी ओटा खालीच हवा. सिंकचे उलट आहे. त्याचा तळ ओट्यापेक्षा आठ-नऊ इंच खोल असतो, त्यामुळे बुटक्या ओट्यावरच्या सिंकमध्ये काम करताना कंबर वाकते. दोन ओट्यांमधील तीन इंचांची पायरी कोपऱ्यात येऊ द्या, आणि शेगडीच्या दोन्ही बाजूंना किमान दीड फूट सपाट जागा राखा, म्हणजे उतरवलेले भांडे उचलून पायरीवर चढवावे लागणार नाही. शेगडीच्या ओट्याखाली एका टोकाला दोन फूट रुंदीची जागा कपाटाविना मोकळी सोडा. तेथे एक स्टूल सरकवून ठेवता येईल, आणि सांभार (कोथिंबीर) निवडताना किंवा फल्लीचे (भुईमुगाचे) दाणे सोलताना सासूबाईंना गुडघे आत घेऊन बसता येईल.

साठवणीचा त्यांचा प्रश्न अगदी योग्य आहे, आणि चित्रातल्या स्वयंपाकघरांत त्याचे उत्तर नसते, कारण ती घरे आठवड्याचा किराणा आणणाऱ्यांसाठी कल्पिलेली असतात. आपल्याकडे उन्हाळ्यात गहू, तांदूळ, तुरीची डाळ भरली जाते, भिवापुरी मिरची कुटून तिखट होते, कुरड्या-पापड-सरगुंडे वाळवून डबे भरले जातात. हे सर्व वर्षभर टिकवायचे तर त्याला थंड, कोरडी आणि अंधारी जागा हवी. पश्चिमेची भिंत दुपारभर तापते, म्हणून तेथे धान्य नको. शेगडीच्या वरचे कपाटही तिखट-मसाल्याला वाईट, कारण उष्णतेने त्यांचा रंग आणि वास दोन्ही उतरतात. उत्तरेची भिंत त्या मानाने गार असते. तेथे जमिनीलगतचा कप्पा निदान अडीच फूट उंच ठेवा, म्हणजे धान्याच्या कोठ्या झाकणासकट आत राहतील आणि झाकण उघडायला वर जागा उरेल. कंबर ते डोळे या उंचीत रोजचे डबे, त्याच्या वर हलकी वाळवणे, आणि अगदी छताशी केवळ दिवाळीला लागणारी मोठी कढई, सोऱ्या, परातींसारखे सामान. सासूबाईंच्या उंचीच्या व्यक्तीचा हात साडेपाच-पावणेसहा फुटांच्या वर नीट पोचत नाही, तेव्हा रोजची कोणतीही वस्तू त्याच्या वर नको. फळ्यांमधील अंतर ठरवण्याआधी घरातले डबे सुताराला प्रत्यक्ष मोजायला द्या. सगळ्या फळ्या सारख्या अंतरावर ठोकल्या की निम्मी जागा हवेत वाया जाते. शेगडीच्या ओट्याखाली मात्र दारांऐवजी तीन खोल ड्रॉवर करून घ्या; ते महाग पडतात, पण वाकून अंधारात चाचपडण्याचा त्रास संपतो. इतरत्र साधी दारे पुरतात.

खर्च वाचवण्याची एक चांगली संधी तुमच्या हाताशी आहे. जुना ओटा फोडताना कडप्प्याच्या फरश्या जपून काढून घ्या आणि त्या कापून उत्तरेच्या कपाटांत फळ्या म्हणून बसवा. कडप्पा पाण्याने फुगत नाही, त्याला वाळवी लागत नाही आणि कोठीचे वजन तो सहज पेलतो. बाहेरून दारे लावल्यावर आत कडप्पा आहे हे कोणाच्या लक्षातही येणार नाही. जेथे प्लायवूड लागेल, तेथे उकळत्या पाण्यात टिकणारे, आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असलेले प्लायवूड मागा, विशेषतः सिंकखाली. एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड तेथे पहिल्याच गळतीत फुगतो. लकडगंजच्या लाकूडबाजारात सुतारासोबत स्वतः जाऊन शिक्का पाहून घेतलात तर उत्तम. खालची कपाटे जमिनीपासून चार इंच उंच, पायांवर उभी असावीत, कारण आपल्याकडे फरशी पाणी टाकून धुतली जाते. जाळ्या आणि सिंक ३०४ प्रतीच्या स्टीलचे असावेत. दुकानदार चुंबक लावून दाखवतात, पण हलक्या प्रतीच्या २०२ स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही, तेव्हा त्यावर विसंबू नका. बिलावर प्रत लिहून घ्या.

ओट्यासाठी पांढरा क्वार्ट्झ मी सुचवणार नाही. त्यात दगडाची भुकटी रेझिनने बांधलेली असते, आणि शेगडीवरून उतरवलेली कढई तशीच त्यावर टेकवली तर रेझिन करपून कायमचा डाग पडू शकतो. हळदीचे पिवळे डाग पांढऱ्यावर रोज दिसतील ते वेगळेच. संगमरवरही नको, चिंच आणि लिंबू त्याची झिलई खातात. ग्रॅनाइट उत्तम, पण तोही काळाकुळकुळीत घेऊ नका, कारण बोअरच्या जड पाण्याचे पांढरे ठसे काळ्यावर उठून दिसतात. मध्यम करडा, बारीक दाणेदार ग्रॅनाइट रोजच्या वापरात सर्वांत नेटका दिसतो. डॅडोच्या, म्हणजे ओट्यामागच्या भिंतीच्या, टाइल्स मोठ्या आकाराच्या घ्या, सांधे इपॉक्सीने भरून घ्या, आणि शेगडीमागे त्या चिमणीपर्यंत न्या. जमिनीच्या टाइल्स खरखरीत, न घसरणाऱ्या असाव्यात.

गॅसबाबत तडजोड नको. सिलिंडरमधील वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तो जमिनीलगत साठतो. म्हणून सिलिंडरच्या कपाटाच्या दाराला खालच्या बाजूने भोके किंवा जाळी हवी, रेग्युलेटरपर्यंत हात सहज पोचायला हवा आणि रबरी नळी ड्रॉवरच्या मागे कधीही दडपलेली नसावी. नळी पाच वर्षांनी बदलायची असते; ती दिसत असेल तरच बदलणे लक्षात राहते. विजेसाठी मिक्सर, फ्रिज, ओव्हन यांची स्वतंत्र बटणे आधीच ठरवा. ओव्हन आणि इंडक्शनला १६ अँपिअरचे पॉइंट व वेगळी जाड तार हवी, सिंकजवळ एकही पॉइंट नको आणि घराच्या फलकावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारे बटण) असावा.

भांडी घासायला मदतनीस येत असतील, तर त्यांनाही या बदलात सामील करून घ्या. त्या खाली बसून मोरीत घासतात की उभ्याने सिंकमध्ये, त्यांना कढई आणि परात टेकवायला किती जागा लागते, हे त्यांना विचारूनच सिंकचे माप ठरवा. २४ बाय १८ इंचांपेक्षा लहान सिंकमध्ये आपली भांडी मावत नाहीत.

आणि आता सौंदर्य, ज्याची तुम्हाला मनापासून ओढ आहे, आणि ती असलीच पाहिजे. ज्या जागेत दिवसाचे इतके तास जातात ती जागा डोळ्यांना सुखावणारी असावी, ही इच्छा मुळीच गौण नाही. माझे मत असे की, तुम्हाला त्या चित्रात जे आवडले ते शटरच्या चकाकीहून अधिक तिथला मोकळा, आवरलेला पृष्ठभाग आणि भरपूर उजेड हे असावे. मोकळा पृष्ठभाग उत्तरेच्या भिंतीवरील नीट साठवणीतून मिळेल, आणि उजेडासाठी खिडकी आहेच. ओट्याच्या वरची कपाटे फक्त दक्षिणेच्या भिंतीवर ठेवा आणि त्यांच्या तळाशी एलईडीची पट्टी लावा, म्हणजे चिरताना स्वतःचीच सावली हातावर पडणार नाही. चकचकीत पांढऱ्यावर तेलकट बोटांचे ठसे आणि पश्चिमेच्या उन्हाची तिरीप दोन्ही त्रास देतात, म्हणून मॅट लॅमिनेट घ्या : वर सायीसारखा पांढरा आणि खाली मातकट हिरवा किंवा करडा. दोनच रंग, तिसरा नको. घरात जुनी पितळी भांडी असतील, तर उत्तरेच्या कपाटांमध्ये डोळ्यांच्या उंचीवर एक कप्पा दाराविना उघडा ठेवून ती तेथे मांडा. शेगडीपासून दूर असल्याने त्यांच्यावर तेलाचा थर बसणार नाही, आणि सासूबाईंचा हातही नव्या स्वयंपाकघराला लागेल. खिडकीबाहेर, चिकेच्या सावलीत, कढीपत्ता आणि गवती चहाच्या कुंड्या ठेवता येतील.

काम दिवाळीनंतर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान करा. मे महिन्यात नव्या बांधकामावर कितीही पाणी मारले तरी ते लवकर सुकून भेगा पडतात, शिवाय तोच वाळवणाचा हंगाम. पावसाळ्यात लाकूड फुगलेले असते आणि तेव्हा बसवलेली दारे हिवाळ्यात सैल होतात. डिझायनरना आगाऊ रक्कम देण्यापूर्वी ओट्याच्या आणि कपाटांच्या कडा खोलीच्या फरशीवर खडूने आखा, आणि तुम्ही दोघी त्या रेषांमध्ये एकदा उभ्या राहून पाहा. पैशांचा क्रमही असाच ठेवा : आधी ओटा, नळ, वायरिंग, चिमणीचा पाइप आणि एक्झॉस्ट, ड्रॉवर व दारे त्यानंतर. रक्कम कमी पडली तर उत्तरेच्या कपाटांची दारे पुढच्या वर्षी लावता येतील, तोवर एक सुती पडदा पुरेल. सिंक बसल्यावर ते काठोकाठ भरून एकदम सोडा, आणि खालचे सांधे पूर्ण कोरडे राहतात याची खात्री झाल्याशिवाय सुताराला खालची कपाटे बसवू देऊ नका.